एकाहत्तरावी प्रदक्षिणा

त्या वर्षी मी देवावर रागावलो होतो आणि दवाखान्यावरही; कोणावर जास्त, हे मला आजही सांगता यायचे नाही. अकोटच्या वेशीबाहेर आमचा झेंडूचा आणि भाजीचा मळा. कुंपणासाठी बाभळीची फांदी ओढताना माझ्या पत्नीच्या टाचेत काटा मोडला. घरगुती लेपात बारा दिवस गेले आणि टाच चिघळली. गावातल्या डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात जखम पाहून सरळ सांगितले, "सूज अशीच चढत गेली तर जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनकडे जाऊन पाय कापावा लागेल. पट्टी चुकवू नका."

पण पट्टी मिळायची आठवड्यातून दोनदाच. दाराशी पाटी होती : सोमवारी देवी टोचणे, गुरुवारी डोळे, शुक्रवारी गरोदर बायका, बुधवारी व शनिवारी आठ ते दहा पट्ट्या. दहा वाजले की नर्सबाई जखमा धुवायच्या लाल पाण्याचे घमेले उपडे घालीत आणि कात्र्या-चिमटे उकळायला ठेवीत. मग कोणी पाया पडले तरी उपयोग नसे. मी दोनदा त्या दारात भांडलो. नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पाटी तुमाले वाचता येते ना?"

अडचण अशी की शनिवार मी आधीच मारुतीला देऊन बसलो होतो. पाय वाचावा म्हणून वेशीवरच्या पारावरील मारुतीला अकरा शनिवार, उपाशीपोटी आणि मौन धरून, एकशे आठ प्रदक्षिणा बोललो होतो. शेंदूर-तेल होऊन आरती संपेपर्यंत साडेसात वाजत. एका प्रदक्षिणेला अर्धे मिनिट धरले तर साडेआठच्या आत मोकळे व्हावे. आकडे बरोबर होते, पण शनिवारची गर्दी त्यात बसत नव्हती. मग घरी जाऊन दमणी, म्हणजे आमची छोटी बैलगाडी, जुंपायची, तिला बसवायचे आणि दवाखाना गाठायचा, तोवर सव्वादहा. दोघी मुली सासरी. तिला न्यायला दुसरे कोणी नव्हते. पाच शनिवारांत चार वेळा दार बंद मिळाले.

मी मोजल्याशिवाय काही मानत नाही. नवस सुरू केल्यापासून रोज सकाळी तिच्या घोट्याभोवती दोरा धरून तेवढा कापायचा आणि देवघराच्या खुंटीवर ओळीने टांगायचा, असा माझा क्रम होता. दोरा तीच धरायची, मी फक्त कापायचो. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायची आमच्यात रीत नाही. दोरे कधी आखूड होत, कधी लांब. यावरून दवाखान्याचे औषध टिकत नाही असा मी निष्कर्ष काढला, आणि तो डॉक्टरांच्या तोंडावर मांडायचे ठरवले.

म्हणून सहाव्या शनिवारी तिला दमणीत घालून थेट मारुतीपाशीच आणले. दमणी पिंपळाखाली सोडली, दिवसांच्या क्रमाने बांधलेली छत्तीस दोऱ्यांची जुडी तिच्या मांडीवर ठेवली आणि फेरे सुरू केले. गर्दी नेहमीसारखीच होती. साठ झाल्या तेव्हा ऊन पारावर आले होते.

तेवढ्यात नर्सबाई पिशवी घेऊन रस्त्याने येताना दिसल्या. डॉक्टर अचानक खेड्यावर गेल्याने दवाखाना लवकर मिटला होता, आणि त्या एका बाळंतिणीकडे निघाल्या होत्या. पुढचे बोलणे मी एकेका फेऱ्याला, दमणीसमोरून जाताना तुकड्यातुकड्याने ऐकले.

"बाई, आज पट्टीचा दिवस ना? इथं काहून बसल्या?"

"जराशा प्रदक्षिणा उरल्या आता. मौन हाय त्यायचं."

पुढच्या फेऱ्याला पाहतो तो, पत्नीकडून माझा निष्कर्ष ऐकून नर्सबाईंनी दोरे दमणीच्या फळीवर ओळीने मांडले होते. "अहो भाऊ, तुमचेच दोरे सांगून राहिले. बुधवारी पट्टी झाली की आखूड, शनिवार हुकला की लांब. औषध वाईट असतं तर बुधवारी आखूड काहून झाले?"

मी चालत राहिलो. आकडे माझे होते, आणि ते मला वाचता आले नव्हते. याचा मला इतका संताप आला की पावले जोरात पडू लागली. पुढच्या फेऱ्याला त्या म्हणाल्या, "मौन तुमचं हाय, पण पाय तिचा हाय. पट्टी मी आत्ता करते, पाय धरायले माणूस पायजे. मी बाळंतपणं करनारी, तुमाले आणायले पारावर चढले तर पुजारी दिवसभर पार धूत बसन. तुमीच उतरा."

एकाहत्तराव्या फेऱ्यात मी मारुतीच्या पाठीमागे होतो. तिथून पत्नीचा आवाज आला. तक्रार नव्हती त्यात. "जा तुमी बाई. त्यायचं पुरं होऊ द्या. एक गेला तरी दुसरा पाय हायच."

माझे पाऊल तिथेच थांबले. "येतो," म्हणालो आणि मागच्या बाजूनेच पार उतरलो.

मी हात पुढे केला तशी तिने पाय आखडला. "अवो, माया पायाले हात नका लावू. पाप लागन मले."

"त्यातलं अर्धं मी घेते," नर्सबाई म्हणाल्या. "धरा घट्ट."

छत्तीस दोरे कापले होते, पण तो पाय किती तापला आहे हे मला त्या दिवशी प्रथम कळले. उकळलेल्या पाण्याची बाटली, लाल पाणी, कापूस, सारे त्यांच्या पिशवीत होते. लोक पाहत होते. पुजारीही पाहत होता. मी मान वर केली नाही.

त्यानंतरचे पाचही शनिवार आम्ही आठच्या आत दवाखान्याच्या पायरीवर होतो. अकराव्या शनिवारी ती पायरी पत्नी स्वतःच्या पायांनी उतरली.

पुढे एकदा मी नर्सबाईंना विचारले, त्या दिवशी त्या वाटेने कशा आलात? म्हणाल्या, "रोजच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या." एवढेच. त्या कोणी अडकवल्या, हे मी कोणाला विचारले नाही. नवसातल्या किती प्रदक्षिणा राहिल्या, तो आकडा मला अर्ध्या फेऱ्यासकट ठाऊक आहे. तो फेडायचा विचार मनात येतो तेव्हा मी मारुतीपुढे जातो, हात जोडतो आणि न मोजता परत येतो. त्या दिवशी मी त्याला पाठीमागून सोडून आलो असे मला वाटले होते. खाली उतरलो तेव्हा कळले, तो माझ्या आधीच दमणीपाशी येऊन उभा होता.