खांद्यावरची खुर्ची

आजोबांच्या खांद्यावर शेवटपर्यंत घट्टा होता. घरात कण्या शिजायच्या, त्याही एक वेळ. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आमच्या शहरात गोऱ्या पाहुण्यांसाठी गेस्टहाउस उभं राहिलं, अजिंठ्याला मोटारी जाऊ लागल्या, आणि आजोबा इतर हमालांबरोबर साहेबांची खुर्ची खांद्यावर घेऊन डोंगर चढू लागले. साहेब लेणी बघून येईपर्यंत रिकामी खुर्चीसुद्धा खांद्यावरच धरायची. गादीला धूळ लागता कामा नये. लेणी आतून कशी असतात, ते आजोबांनी कधी पाहिलं नाही.

त्या गेस्टहाउसचं आता हॉटेल झालंय. भिंतीवर तेव्हाचा फोटो आहे, खुर्चीत साहेब आणि खुर्ची खांद्यावर घेतलेले हमाल. खाली साहेबाचं नाव, आणि पुढे नुसतं ‘हमाल’. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, इथली गाइड. पाहुण्यांना मी फोटोपुढे उभं करते आणि सांगते, “हे उजवीकडचे सखाराम. माझे आजोबा.”

परवा मॅनेजर कुजबुजला, “ताई, साहेबांचंही नाव घ्या की! हॉटेलची शान आहे ती.”

“तो होय? ते ओझं होतं,” मी मोठ्यांदा म्हणाले. पाहुणे हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शहर बघायला आलेली माणसं आता सखारामांचं नाव ऐकून जातात. साहेबाचं मी घेत नाही.