रोज उघडणारा गाळा

मंगळवार, १३ ऑगस्ट २०२४, सकाळचे साडेनऊ. हॅमिल्टनच्या सरकारी कचेरीत बेकारभत्त्यासाठी माझी मुलाखत सुरू झाली.

शहराच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या माझ्या गाळ्यात मी जळालेल्या विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, देत असे. आता लोक जळालेली मोटार फेकतात, नवी आणतात. शेवटचे गिऱ्हाईक उन्हाळ्यात येऊन गेले. निवृत्तिवेतनाला अजून दोन वर्षे होती. भत्ता मिळाला नाही तर घरभाडे थकणार, हे उघड होते.

अधिकारी बाई माझ्या मुलीहून लहान. ‘किया ओरा’ असा इथला नमस्कार करून तिने विचारले, “दुकान कधी उघडता?”

“रोज. नऊ ते पाच.”

“गिऱ्हाईक नसलं तरी?”

“नसलं तरी.”

धंद्याचे दार बंद ठेवू नये, सकाळी उघडून गणपतीपुढे उदबत्ती लावावी, हे मी वडिलांच्या दुकानात शिकलो. तेही तिला सांगितले. अभिमानाने सांगितले, याची आता किळस येते.

“म्हणजे तुम्ही पूर्णवेळ कामावर असता.”

“मी तिथे रिकामा बसतो.”

“पण तिथेच बसता ना? धंदा असला तरी भत्ता मिळू शकतो. मात्र तुम्ही नोकरीसाठी मोकळे असायला हवं. आठवड्यातून एखादा दिवस उघडा आणि पुन्हा या.”

बाहेर येऊन अल्बनीला राहणाऱ्या मुलीला फोन केला.

“बाबा, एवढं खरं कशाला सांगत बसलात? फक्त शनिवारी उघडतो म्हणायचं. कोण बघायला येतंय?”

हेच शिकवायला तिला वाढवले काय? मी फोन ठेवला.

घरी पत्नीने सगळे ऐकून घेतले. म्हणाली, “अहो, तुम्ही बेकार आहात, पण तुमचा गणपती फुल-टाइम नोकरीला आहे. आधी त्याला कमी करा.”

मी हसलो नाही. नियमात खोट सापडत नव्हती, याचाच संताप अधिक होता. कित्येक महिने मी काम करत नव्हतो. नुसते दार उघडत होतो.

दुपारी गाळ्यावर गेलो. फळीवर उदबत्तीची राख साचली होती, बाकावर धूळ. गणपती स्वच्छ फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवला. दारावर पाटी लावली : फक्त शनिवारी. मेन स्विच बंद केला, कुलूप घातले आणि ओढून पाहिले.