गाय बसायच्या आत

धायरीतल्या गोठ्यात मी रोज दूध आणायला जातो. तिथल्या काकू धार काढली की गायीचं एकेक सड तपकिरी औषधात बुडवतात आणि लगेच पुढ्यात चारा टाकतात. सडांची तोंडं मिटायच्या आत गाय खाली बसली, तर शेणातली घाण आत जाऊन कास सुजते. त्यांच्या एका गायीचं सड असंच कायमचं गेलं. म्हणून तेवढा वेळ काकू कुणाशी बोलत नाहीत, गायीच्या गुडघ्यांकडे बघत राहतात.

परवा चाऱ्याचा टेम्पो आलाच नाही. औषध लावून होतंय तोच गायीने गुडघा वाकवला. काकूंनी माझ्या पिशवीतली मेथी ओढून काढली.

"बगताय काय? येकेक काडी भरवा तिला!"

जुडी संपत आली तसे मी एकेका काडीचे दोन-दोन तुकडे करू लागलो.

"आता बसली तरी चालंल," म्हणत काकू स्वतःच मटकन खाली बसल्या. गाय उभीच होती.