एका वेळी एकच निरोप

विलास मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी शहापूरच्या राहत्या घरी वारला. कारण हृदयविकाराचा झटका. पंचेचाळिशी अजून यायची होती. बातमी त्याच्या थोरल्या बहिणीने, सुमनताईंनी फोनवर दिली. बातमीदाराच्या सवयीने मी नेमकी वेळ विचारली, त्यांनी ती सांगितली, आणि मग म्हणाल्या, "परवाच्या हळदीचे टोप गेलेत. तो विचारत होता, म्हणून सांगितलं."

आम्ही किन्हवलीच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी वर्तमानपत्रात गेलो, तो नव्वदच्या दशकात ठाण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर झाला. त्याला प्रश्न पडायचे आणि ते तो भेटेल त्याला विचारायचा. एकदा माझ्या कचेरीत येऊन बसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे एकच बातमी दोघांनी एकदम उघडून दुरुस्त केली तर काय होतं रे?" नंतर जो ठेवतो त्याची राहते, पहिल्याची दुरुस्ती पुसली जाते, असं मी सांगितलं. "आणि पहिल्याला कळतं?" दुसऱ्या दिवशी अंक हातात आल्यावर, मी म्हणालो. त्यावर तो खूश झाला. त्याच्या कंपनीतही तेच चाललं होतं, फक्त तिथे अंक निघत नव्हता.

हा प्रश्न त्याच्या घरात शिरला तो सुमनताईंच्या धंद्यातून. यजमान गेल्यावर मांडव आणि भांडी भाड्याने देण्याचा व्यवसाय ताई एकट्या चालवत होत्या. एक गोदाम शहापूरला, एक मुरबाडला. शहापूरचं गोदाम बाळूमामांकडे. ते नात्याने कोणाचेच मामा नव्हते, पण ताईंसकट सगळे तसंच म्हणत. मुरबाडचं काशिनाथकडे. विलासने दोन्हीकडे जुने संगणक बसवले, टेलिफोनच्या तारेने जोडले आणि मोठ्या टोपांचा शिल्लक आकडा दोघांना मिळून एकच ठेवला. एका दाट मुहूर्ताच्या आदल्या दिवशी दोन्ही गोदामांनी तो आकडा एकाच वेळी पाहिला, दोघांनाही टोप शिल्लक दिसले आणि दोघांनी तेच टोप दोन लग्नांना कबूल केले. टोकावड्याच्या लग्नघरी तांदूळ धुऊन ठेवलेले होते आणि शिजवायला भांडं नव्हतं. ताईंनी ढाब्याढाब्यांवरून भांडी मागून आणली, वऱ्हाड उशिरा जेवलं. आठवड्याभरात ताईंचे धाकटे दीर आले. ते शांतपणे म्हणाले, "वयनी, परत आसा झाला तर येक गोदाम तुमी बघा, मुरबाडचा मी बघतो. मंग मला काय इचारू नका." पुढची लग्नसराई चुकली असती तर अर्धा धंदा ताईंच्या हातून जाणार होता. हे विलासला माहीत होतं, आणि चूक आपल्या प्रोग्रामची आहे हेही.

त्या पावसाळ्यात तो टेलिफोन एक्स्चेंज चालवण्यासाठी परदेशात तयार झालेल्या एका प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी वाचत होता. त्या भाषेत सगळ्यांना मिळून एक आकडा नसतोच. प्रत्येक घटक आपली माहिती आपल्यापाशी ठेवतो, दुसऱ्याच्या घरात हात घालत नाही, फक्त निरोप पाठवतो. आलेले निरोप दारात रांगेत थांबतात आणि घरातला एकच जण ते एकेक करून हातावेगळे करतो. दुसरी गोष्ट त्याला त्याहून आवडली होती. हिशोब करणाऱ्या भागाने फक्त हिशोब करावा, कशालाही हात लावू नये. पाचशे पानं उठणार असतील तर किती टोप लागतील, या प्रश्नाचं उत्तर आज विचारा की उद्या, तेच यायला हवं. टोप गोदामात आहेत की नाहीत हे त्या हिशोबाने पाहायचंही नाही. ताईंची पद्धत नेमकी उलटी होती. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्या अंदाज करत आणि त्याच दमात टोप बाजूला काढायला सांगत. लग्न मोडलं तर ते टोप कोणासाठी काढले होते हे कोणालाच आठवत नसे.

नवीन प्रोग्राम लिहिण्याआधी त्याने दोन्ही संगणकांवर कापड टाकलं. शहापूरच्या एका पत्रेवाल्याकडून फट असलेल्या दोन पेट्या करून घेतल्या आणि दोन्ही गोदामांच्या दारांवर ठोकल्या. ज्या रविवारी शहापूरची पेटी लागली त्या दिवशी मी तिथे होतो.

"आता काय पोस्ट हापिस काढतोस काय रे?" बाळूमामांनी विचारलं.

"मामा, गोदामात फक्त तुमी जायचं. दुसऱ्या कोणी नाय. ज्याला काय पायजे त्यानं चिठ्ठी टाकायची. तुमी येक काढायची, तिचं काम संपवायचं, मंग दुसरी."

"आन् मी?" ताई म्हणाल्या.

"तू पण चिठ्ठी टाकायची."

"माझ्याच गोदामात मला बंदी? मामा, बघा हो याचं."

"बराच झाला," मामा म्हणाले. "तुमी आत येता आन् मी मोजलेला परत मोजाया लागतो."

पहिल्याच तालमीत सगळं अडलं. मामांना शहापूरच्या एका चिठ्ठीसाठी टोप कमी पडत होते, म्हणून त्यांनी मुरबाडला विचारणा पाठवली. त्याच सकाळी काशिनाथला पराती कमी पडल्या, त्याने शहापूरला विचारलं. दोन्ही विचारणा एसटीच्या कंडक्टरांनी पोचवल्या आणि पेट्यांत पडल्या. दुपारनंतर कुठूनच काही हलेना. पेटीत चिठ्ठ्या वाढत होत्या आणि मामा दारात विडी ओढत बसले होते. ताईंनी विचारलं, काय करताय. "काशिनाथच्या जबाबाची वाट बघतो. हातातली संपल्याबिगर दुसरी काढायची नाय, ह्यानंच सांगितलाय." ताईंनी मुरबाडला फोन लावला. काशिनाथ म्हणाला, "मामांचा जबाब येऊ दे, मंग पुढची काढतो." दोघेही नियमाने वागत होते. विलास पायरीवर बसून हसत सुटला. ताई चिडल्या, "मुरबाड हातचं जायची वेळ आली आणि तुला हसू येतंय?"

"ताई, हे मी पुस्तकात वाचलं होतं गो. असं समोर घडताना बघेन असं वाटलं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत त्याने नियम बदलला. विचारणा पाठवली की वाट पाहायची नाही, पुढची चिठ्ठी काढायची. जबाब येईल तो नवीन चिठ्ठी म्हणून, आपल्या रांगेत. आणि मुरबाडहून शेवटची एसटी येईपर्यंत जबाब आला नाही तर तो नकार समजायचा. हा शेवटच्या एसटीचा नियम मामांनी एकदाच ऐकला आणि परत विचारला नाही. माणसाची वाट ते तशीच पाहत आले होते. दिवाळीपर्यंत विलासने हेच सगळं प्रोग्राममध्ये उतरवलं, प्रत्येक गोदामाचा वेगळा प्रोग्राम, प्रत्येकाला आपली पेटी. परदेशी भाषा वापरली नाही, कंपनीत रोज वापरायचा तीच साधी भाषा वापरली. "भाषा बदलायला लागत नाही," तो म्हणाला होता, "सवय बदलायला लागते. ते जास्त कठीण आहे."

कसोटी वैशाखात लागली. मोठा मुहूर्त दोन दिवसांवर असताना शहापूर-मुरबाड टेलिफोनची तार बंद पडली. मामांची टोपांची विचारणा निघाली होती, ती पोचली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आधीच्या व्यवस्थेत दोन्ही संगणक तिथेच गोठले असते. या वेळी शहापूरचं काम चालू राहिलं. शेवटची एसटी आली, तिच्यातून काही उतरलं नाही. मामांनी नकार धरला आणि ताईंनी किन्हवलीच्या एका ओळखीच्या मांडववाल्याकडून टोप सांगून ठेवले. दुसऱ्या दिवशी काशिनाथचा होकार आला, टोपांसकट, एका टेम्पोतून. टोप जास्त झाले. दीर पाहायला आले होते. ते ओळीने लावलेल्या टोपांभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "येवढं कशाला मागवलं?" ताईंनी त्यांना चहा दिला. मुरबाडचा विषय दिरांनी त्या वर्षी काढला नाही, पुढेही काढल्याचं ताईंना आठवत नाही.

कंपनीत मात्र विलासला एवढं यश आलं नाही. तिथल्या बिलांच्या प्रोग्राममध्ये हिशोब वेगळा आणि नोंद वेगळी करावी, असं तो वर्षानुवर्षं मांडत राहिला. वरिष्ठ म्हणाले, हे कॉलेजात ठीक आहे. एका कोपऱ्यातला भाग तेवढा त्याला करू दिला. त्या भागाबद्दल तक्रार आली का, असं एकदा मी विचारलं. "नाही आली," तो म्हणाला, "म्हणून कोणी तो उघडूनही बघितला नाही..." तो कडवटपणे बोलत नव्हता. लोक न मोडलेल्या गोष्टीकडे का पाहत नाहीत, हा त्याला पडलेला पुढचा प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही आसनगाव स्टेशनबाहेर एक अख्खी दुपार घालवली.

नंतरच्या वर्षांत संगणक बदलले. भारनियमन वाढलं तसे ते दिवसाचे कित्येक तास बंदच असत. पत्र्याच्या पेट्या काढल्या गेल्या नाहीत. शहापूरच्या पेटीचं एक बिजागर गंजलं होतं, ते विलासने गेल्या दिवाळीत बदललं.

त्याच्या बाराव्याचं जेवण शहापूरच्या घरीच होतं. आदल्या सकाळी सुमनताई गोदामापाशी आल्या तेव्हा दार उघडं होतं आणि बाळूमामा आत होते. ताई आत गेल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून चिठ्ठी लिहिली, टोप, पराती, पिंप, सतरंज्या, आणि पेटीत टाकली. मामांनी पेटी उघडली. ताईंच्या आधी दोन चिठ्ठ्या होत्या, एक साखरपुड्याची, एक बारशाची. मामांनी आधी साखरपुड्याची चिठ्ठी पुरी केली, मग बारशाची. ताई पायरीवर बसून होत्या. मग मामांनी तिसरी चिठ्ठी काढली.