पायाळू सुनेची लाथ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर काढलेली. आमच्याकडे समजूत अशी की, अशा माणसानं कमरेला हलकेच लाथ मारली की भरलेली उसण निघते. माहेरी हे कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. लग्न होऊन गारखेड्याला आले आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, ही बातमी गल्लीभर केली.

आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. आलं की हंडे, बादल्या, टिपं, हाताला लागेल ते भरून ठेवायचं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात वाकड्या कमरांची रांग. शेजारच्या खाला सगळ्यांत आधी. त्या बिस्मिल्ला म्हणून उंबऱ्याकडे पाठ करायच्या आणि मी टाच हाणायचे. पुढचं खातं आत्यांचं.

"आता घरी जाऊन तापल्या विटेनं शेका. अन् पडून राहू नका, हळूहळू हिंडा. हंडा उचलताना कमरेत नाय, गुडघ्यात वाकायचं."

नाव माझ्या लाथेचं व्हायचं. गुण कशानं येतो हे मला कळत होतं, पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कुणाला आवडत नाही?

मग एकदा आत्यांनीच, जगाला शिकवलेलं विसरून, भरलेला हंडा कमरेत वाकून उचलला आणि तशाच अडकल्या. दुसऱ्याच दिवशी सिल्लोडला त्यांच्या भाचीची हळद. धाकट्या बहिणीची एकुलती एक लेक, तिला पहिली हळद लावायचा मान यांचा. बसनं जायचं तर आधी सरळ उभं राहणं आलं.

वीट झाली, ओव्याची पुरचुंडी झाली, भिंत धरून हिंडणंही झालं. कंबर ऐकेना. लाथेचा विषय मात्र त्याही काढेनात आणि मीही. आज सासूला पाय लावला आणि उद्या तो भांडणात निघाला तर?

हळदीच्या दिवशी सकाळी, भरून ठेवलेल्या पिशवीकडे बघून त्यांचे डोळे भरून आले. मला ते बघवेना.

"आत्या, लावू का पाय?"

"आता सुनेची लाथ खाऊ व्हय?" त्या म्हणाल्या. मग पुन्हा पिशवीकडे बघून, "बरं, मार. पण आधी पाया पड."

मी पाया पडले. त्यांनी पाठ केली. मी भीतभीत नुसती टाच टेकवली.

"खालाला कशी हाणतीस. माझ्याच वक्ताला पायातला जीव गेला व्हय?"

मग चांगली मारली आणि लगेच पुन्हा पाया पडले. खाला दारातून बघत होत्या. "पाँव पड़ती बी, मारती बी. ऐसी बहू कहां मिलती?" त्या म्हणाल्या. आत्यांना हसू फुटलं आणि हसता हसता त्या कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. लाथेनं, विटेनं की हसण्यानं, देव जाणे. मला मात्र इतका आनंद झाला की त्यांची पिशवी मीच बसपर्यंत नेली.

भाचीला पहिली हळद त्यांनीच लावली. त्या परत आल्यावर पुढच्या पाण्याला मी भरल्या हंड्याला हात घातला, तर त्यांनी मला थांबवलं आणि त्यातलं निम्मं पाणी बादलीत ओतलं.

"अर्धाच उचलत जा. तुझी कंबर गेली तर मला लाथ कोण मारंल?"