स्पर्धेआधीचे चार दिवस

माझ्या मुलीची आशियाई सायकलिंग स्पर्धेसाठी निवड झाली, तेव्हा ती दिल्लीच्या सराव शिबिरात होती आणि मी इथे रत्नागिरीत शाळेवर. मी प्राथमिक शिक्षिका. तिचे वडील ती दहावीत असतानाच गेले, घरात मी एकटीच. ट्रॅकवर चौघींच्या संघाची शर्यत असते, त्यात तिची जागा पक्की झाली होती. फोनवर ती नुसती हसत सुटली होती.

स्पर्धेला महिना उरला असताना शिबिराला चार दिवसांची सुट्टी मिळाली. "मी इथेच थांबते," ती म्हणाली. "येण्याजाण्यातच दमायला होईल." मी म्हटलं, "ये गं. मग परदेशात जाशील, किती दिवस दिसायची नाहीस." कारण काहीच नव्हतं. मला तिची आठवण येत होती, एवढंच.

ती आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून तिने घरची जुनी सायकल पुसायला घेतली. "बसून पाय जड होतात. लांज्यापर्यंत जाऊन येते." मी भाकऱ्या थापत होते. मान वर न करताच म्हटलं, "सावकाश जा."

साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. हायवेच्या कामाची खडी उतारावर पसरली होती. चाक घसरलं आणि ती कठड्यावर आदळली. फोन करणारी बाई काजूच्या कारखान्यात कामाला निघाली होती. मी रिक्षाने पोचले तेव्हा तीच माझ्या मुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, पदराने वारा घालत. मुलगी शुद्धीत होती. मला बघून म्हणाली, "आई, सरांना इतक्यात कळवू नको."

गुडघ्याचा चुरा झाला होता. दोन ऑपरेशनं झाली. शिबिरातल्या प्रशिक्षक सरांना शेवटी मीच कळवलं.

स्पर्धेच्या दिवशी तिनेच मोबाईल लावायला सांगितला. तिच्या जागी राखीव मुलगी होती, शिबिरातली तिच्याच खोलीतली. चौघी एकामागे एक चिकटून चाललेल्या. पुढचीची पाळी संपली की ती ट्रॅकच्या चढावर जायची आणि खाली येऊन सर्वांच्या मागे लागायची. माझी मुलगी पुटपुटत होती, "आता वर... उतर... चिकटून राहा, चिकटून राहा." पलंगावर तिचा धडधाकट पाय चादरीखाली आपसूक हलत होता.

कांस्यपदक मिळालं. तिने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्या मुलीला फोन करून मोठ्याने अभिनंदन केलं, चेष्टाही केली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "आई, जरा बाहेर बसतेस?" मी पडवीत जाऊन बसले. आतून कसलाच आवाज आला नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता ती खेडला एका शाळेत खेळ शिकवते. पायऱ्या उतरताना कठडा धरते. मागे एकदा स्टेशनवर गाडीची वाट बघताना मी धीर करून म्हटलं, "मी तेव्हा बोलावलंच नसतं तर—"

"तो विषय नको, आई," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

त्यात राग होता की माया, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.