होडीवर ट्रकचा दिवा

वलवणला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला रखमाजीची पत्र्याची टपरी होती. खंडाळ्याचा घाट चढून तापलेले ट्रक तिथं थांबायचे आणि रखमाजी त्यांचे दिवे, भोंगे, डायनामो बघायचा. बायको झुंबरबाई त्याला पान्हे द्यायची. पण पान्हे देणारं माणूस काही डोळे मिटून बसत नाही. वायर सोलण्यापासून दिवा बसवण्यापर्यंत तिला सगळं येऊ लागलं. पुढं रखमाजीचा दमा वाढला तसं निम्मं काम तीच उरकायची, फक्त ट्रकच्या पलीकडच्या अंगानं, ड्रायव्हरला दिसणार नाही असं.

पंच्याहत्तर साली दिवाळीच्या तोंडावर रखमाजी गेला. तेरावं झाल्यावर तिनं टपरी उघडली. ट्रक थांबायचे, ड्रायव्हर खिडकीतून वाकून "मिस्त्री कुठाय?" विचारायचा आणि गियर टाकून चालता व्हायचा. हेच बहाद्दर ज्या दिव्यांच्या उजेडात घाट उतरत होते ते दिवे लावले कुणी, हे त्यांना सांगणार कोण? मेल्यांना बाईच्या हातचा चहा चालायचा, बाईच्या हातची वायर चालत नव्हती.

मग एक दिवस सुदुंबऱ्याहून धाकटा दीर मारुती आला. माणूस वाईट नव्हता, उलट फार सरळ.

"वैनी, टपरीचं मी एका मिस्त्रीशी बोलून आलोय," तो म्हणाला. "त्यो चालवील. तुमी घरी चला. पोरबाळ न्हाई, हितं रस्त्यावर एकलं ऱ्हाऊन काय करणार? आमाला तुमच्या दोन भाकरी जड न्हाईत."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच झुंबरबाईचा जीव घुसमटला. प्रश्न भाकरीचा नव्हताच. सुदुंबऱ्यात ती रखमाजीची मागं राहिलेली बायको होणार होती, बस्स, तेवढंच. इथं तिच्या हाताला काम होतं आणि ते तिला आवडत होतं. हे दिराला सांगायचं कसं?

तेवढ्यात दारात एक काटकुळा माणूस येऊन उभा राहिला. तो पवना धरणाच्या काठी मासे धरणारा बुधा. बगलेत ट्रकचा जुना हेडलाइट होता.

"हितं दिवं बसवून देत्यात का? मला होडीवर पायजे," तो म्हणाला. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या झाडांचे शेंडे पहाटे दिसत नाहीत, कंदील वाऱ्यानं विझतो, आणि नुकतीच त्याच्या मेव्हण्याची होडी बुडालेल्या आंब्यावर आपटून फुटली होती.

"मालक न्हाईत," झुंबरबाई म्हणाली. "मीच बसवते."

"मग तुमी बसवा," बुधा म्हणाला. त्याच्या होडीत त्याची बायको गंगी वल्हं मारायची आणि तो जाळं टाकायचा. बाईनं दिवा बसवण्यात त्याला नवल ते काय?

झुंबरबाई दिराकडं वळली. "भावजी, एवढी होडी होऊ द्या. दिवा लागला तर मी टपरीवर ऱ्हाते. न्हाई लागला तर पेटी उचलते नि गुमान तुमच्या मागं येते."

मारुती बरं म्हणाला. वर वहिनीला झेपणार नाही म्हणून ट्रकची बॅटरीही त्यानंच उचलली. कामशेतवरून जीपनं पवनानगर, तिथून काठाकाठानं बुधाच्या वाडीपर्यंत त्यानं ते धूड खांद्यावर नेलं, आणि वाटभर बॅटरीला शिव्या घातल्या.

होडी काठावर ओढून ठेवलेली होती. झुंबरबाईनं सगळं रखमाजीच्या पद्धतीनं केलं. बॅटरी मागं ठेवली. दिवा बसवायच्या जागी तो कानशीनं खरवडायचा, तशी तिनंही होडीच्या नाकावरची जागा खरवडून चांगली पांढरी काढली. बॅटरीच्या एका टोकापासून दिव्यापर्यंत वायर ओढली, मध्ये बटण दिलं. दुसऱ्या टोकाची वायर ट्रकच्या बॉडीला आवळतात तशी होडीच्या फळीला आवळली आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही.

तिनं बल्ब बदलला, बटण उघडून पाहिलं. दिवा काढून पदराच्या आडोशाला थेट बॅटरीवर धरला तर पेटला. होडीवर चढवला की पुन्हा मुका. एव्हाना वाडी गोळा झाली होती.

"ट्रकचा दिवा त्यो, पाण्याला भ्यालाय," एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. हसतील त्यांचे दात दिसतील म्हणून सोडून द्यावं, पण झुंबरबाईच्या ते काळजाला लागलं. ती हत्यारं पिशवीत भरू लागली. डोळे भरून आले होते.

"चला भावजी," ती म्हणाली. "जाऊ घरी."

झालं, मारुतीचं काम फत्ते. पण हा बाबा उठेचना, बॅटरीपाशी बसून राहिला.

"मी ह्ये धोंडं उगंच वाहून आणलं व्हय?" तो म्हणाला. "आदी दिवा लावा, मग बघू. असंच तोंड घिऊन घरी आलात तर माझ्याच्यानं बघवायचं न्हाई."

ती पुन्हा खाली बसली. समोर वाळूवर लाकडाचा भुसा सांडला होता, तिनंच खरवडलेला. रखमाजी काय खरवडायचा? रंग. कशाला? खालचं लोखंड उघडं पडावं म्हणून. हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि तिनं कधी विचारलं नव्हतं. ट्रकमध्ये वीज वायरीनं दिव्यापर्यंत जायची आणि लोखंडी अंगातूनच बॅटरीकडं परत यायची. लाकूड खरवडून खाली काय मिळणार? लाकूडच.

"काय येडी मी," ती म्हणाली आणि नाक पुसता पुसता हसू लागली.

परतीची वायर टाकायला हवी होती, आणि वायर तर एका बाजूला पुरेल एवढीच आणलेली. अंतर निम्मं व्हावं म्हणून तिनं बॅटरी होडीच्या मध्यावर सरकवायला लावली आणि वायरीचे दोन तुकडे केले, एक जायला, एक यायला.

"आता मी बसू कुटं?" गंगी कुरकुरली, कारण ती वल्ह्याची जागा होती. तिला हातभर सरकवलं आणि बटण दाबलं.

आता ऊन डोक्यावर आलं होतं, काच जुनी, धुरकट. दिवा लागलाय की नाही कुणालाच कळेना. गंगीनं घरातून घोंगडी आणून दिव्यावर टाकली आणि दोघींनी आत डोकी घातली. आतून गंगीचं हसू ऐकू आलं. मग मारुती आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"दादानं शिकवलंवतं व्हय हे?" बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"ट्रकचं त्यांनी शिकवलं," झुंबरबाई म्हणाली. "होडीचं माझं मी."

मारुतीनं पायतान घातलं. थोडं अंतर गेला आणि थांबला.

"घरी आय वाट बघत असंल," तो म्हणाला. "तिला काय सांगू?"

"सांगा, झुंबर कामावर गेलीय."